घाबरून राहा

जालना जिल्ह्यातील तमाम नागरिकांना, पाहुण्यारावळ्यांना आणि स्टँडवर उतरून रिक्षा शोधणाऱ्या प्रवाशांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही ही समजूत साफ चुकीची आहे. समुद्र आहे. आमच्या गल्लीत आहे, उजव्या हाताच्या घरात, पुढच्या खोलीत, जिथं इतरांकडे टीव्ही असतो त्या जागी. लांबी चार फूट. भरती-ओहोटीची वेळ कृपया विचारू नये. भरती-ओहोटी येऊ नये म्हणूनच तिथं एक माणूस रात्रंदिवस जीव मुठीत धरून बसलेला असे.

त्या माणसाला आम्ही काका म्हणायचो. तुम्ही दार ढकललंत की आतून आधी त्यांचा उजवा हात दिसायचा. तळवा खाली, बोटं पसरलेली, आणि हवा दाबत असल्यासारखी हालचाल. "हळू." मग तुम्ही चप्पल काढायचीत. "हळू." मग बसायचंत. खुर्चीचा पाय फरशीवर घासला तर काका डोळे मिटून घ्यायचे, जणू तो पाय त्यांच्या छातीवरून गेला.

आता तुम्ही म्हणाल, मासे पाळणारी माणसं आम्हीही पाहिली आहेत. गोड्या पाण्यातले सोनेरी मासे, वर्षाच्या आत मरतात, पोरं रडतात, मग त्या टाकीत कुणी मनीप्लांट लावतं. ते निराळं. काकांचे मासे खाऱ्या पाण्यातले होते. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी आणि एक निळा, सडपातळ, कायम कुणीतरी रागावल्यासारखा कोपऱ्यात राहणारा. हे मासे जालन्यात जगू शकतात यावर फक्त दोघांचा विश्वास नव्हता. एक काकूंचा आणि दुसरा काकांचा. म्हणून तर ते एवढं घाबरत.

माझी आणि त्यांची खरी ओळख माझ्या दुकानात झाली. मी इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या विकतो. गिऱ्हाईक आलं की मी विचारतो, किती पंखे, किती लाइट. काका काउंटरला दोन्ही हात टेकून उभे राहिले. भुवया नावालाच होत्या, हातांवर पांढरे ठिपके होते. म्हणाले, "पंखा एक. तो बी पाण्यावर."

"पाण्यावर?"

"पाण्यावर. अन् एक मोटार, बोटाएवढी. ती बंद पडली का मी मेलो."

मागे काकू उभ्या होत्या. त्यांनी पदरानं मानेचा घाम पुसला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, आमच्या घरात लाइट गेली का हे माशांना पुठ्ठ्यानं वारा घालत्यात अन् मी पदरानं वारा घेऊन राह्यले. समुद्र म्हनं. डबकं हाये डबकं, त्याचे किती लाड."

"डबकं म्हणू नको," काका म्हणाले.

"काय म्हणू मंग? चार फुटाला समुद्र म्हणत्यात का कुठं?"

बॅटरी बसवायला मी स्वतः गेलो. काम संपवून निघालो तेव्हा आपण म्हणतो तसं म्हणालो, "येतो काका." मोठी माणसं अशा वेळी 'सुखी राहा' म्हणतात, 'सावकाश जा' म्हणतात. काका म्हणाले, "घाबरून राहा बरं."

मला वाटलं काही चुकलं माझं. गल्लीच्या तोंडापर्यंत मी खरोखर घाबरत गेलो. नंतर कळलं, तो त्यांचा आशीर्वाद होता. नव्या नवरीलाही तोच, परीक्षेला निघालेल्या पोरांनाही तोच.

त्याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. जन्मभर ते पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होते. भट्टीत भंगार वितळवतात, हे जालनेकराला सांगायला नको. पण त्या वितळलेल्या लोखंडात ओलं भंगार पडलं तर काय होतं, हे मला काकांनी सांगितलं. एक बंद डबा, आत चूळभर पाणी. बस्स. पाण्याची वाफ होते आणि भट्टी उडते. हातांवरचे पांढरे ठिपके अशाच एका डब्याचे होते.

"नवीन माणूस भट्टीवर आला का मी इचारायचो, भीती वाटती का? न्हाई म्हणला का त्याला म्हणायचो, तू गेटवर बस. जो घाबरून राह्यला तो घरी जेवायला गेला."

कारखान्याच्या ऑफिसात ही काचेची टाकी होती. मालकाच्या घरातल्या कुणीतरी हौसेनं आणलेली. भट्टीवरून उतरलं की काका पाणी प्यायला त्या गार ऑफिसात यायचे आणि ग्लास संपला तरी टाकीसमोर उभे राहायचे. हौस करणाऱ्याची हौस फिटली, एकेक मासा गेला, नारंगी जोडी तेवढी उरली, टाकी काढून टाकायचं ठरलं. नेमकं तेव्हाच काका निवृत्त झाले. निरोपसमारंभाला त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार होते. काका म्हणाले, घड्याळ राहू द्या, ते मासे द्या.

आणि मग या माणसाला, जो जन्मभर वितळत्या लोखंडाशेजारी उभा राहिला, त्याला अर्ध्या डिग्रीची धास्ती लागली.

"समुद्र लई मोठा असतो भाऊ," ते मला समजावायचे. "त्याला काही केलं तरी काही व्हत न्हाई. ह्यो समुद्र लहान हाये. ह्याला काही न्हाई केलं तरी व्हतं. अन् ह्या माशांना बदल म्हणजे काय ते ठाऊकच न्हाई. ह्याच्या आज्जानं जे पाणी पेलं, तेच पाणी ह्याचा बाप पेला. तेवढंच खारट, तेवढंच कोमट. आता ह्याला जालन्याचा मे महिना कसा समजून सांगू?"

जालन्याचा मे महिना तर आम्हालाही कुणी समजावून सांगितलेला नाही. त्या महिन्यात काकांच्या गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या गल्लीतल्या प्रत्येक फ्रीजमध्ये असायच्या. भर दुपारी ते उपरणं डोक्याला गुंडाळून दारोदार यायचे, एक लहान बाटली न्यायचे, एक ठेवून जायचे. एकदम दोन कधी न्यायचे नाहीत. "टाकीत एक सोडतो. पाहतो. मंग दुसरी." आमच्या घरात कुल्फीचा साचा बाहेर आणि माशांची बाटली आत, यावरून माझ्या बायकोनं मला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही, कारण हे सभ्य लिखाण आहे.

त्यांच्या भीतीची लागण आम्हाला कशी झाली, कळलंच नाही. पुढच्या खोलीत उदबत्ती बंद, मग शेजारच्या ओट्यावरही बंद. अत्तर लावून कुणी त्या घरात जायचं नाही. हात धुऊन जायचं, पण साबण लावायचा नाही. एकदा डासांच्या धुराचं मशीन गल्लीत शिरलं. काका रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. तोच हात, तोच तळवा. "हळू." मशीनवाला म्हणाला, "बाबा, धूर हळू कसा सोडू?" काका क्षणभर विचारात पडले, मग पळत घरात गेले, ओले टॉवेल दाराखिडक्यांच्या फटींत कोंबले आणि आत बसून राहिले. धूर ओसरल्यावर बाहेर आले ते लालबुंद डोळ्यांनी. आम्ही सगळे हसलो. आणि हसता हसता प्रत्येकानं एकदा आत डोकावून पाहिलं, तिन्ही आहेत ना.

तो निळा मासा आला त्या दिवशी मी तिथं होतो. पुण्याहून बसनं आला होता, थर्मोकोलच्या डब्यात, पिशवीतल्या पाण्यात. मला वाटलं, पिशवी फोडायची आणि ओतायचं. काकांनी पिशवी एका बादलीत रिकामी केली आणि टाकीतून तिच्यात एक बारीक नळी सोडली, सलाइनसारखी. टाकीचं पाणी थेंब थेंब बादलीत पडायला लागलं. चहा झाला. पोहे झाले. थेंब पडतच होते.

"किती वेळ काका?"

"त्याचं जुनं पाणी तो इसरेपर्यंत."

काकू आतून म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तवा मला थेट चुलीपुढं बसवलं व्हतं. माझं पाणी कुणी थेंब थेंब न्हाई बदललं."

काकांनी बादलीवरची नजर काढली नाही. पण कान लाल झाले. मी पाहिले.

आता त्या उन्हाळ्याकडे येतो, ज्याच्यामुळे आमची गल्ली अजून पाण्याच्या ग्लासाकडे संशयानं पाहते. काकांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागलं. गाडी दारात, काकू पिशवी घेऊन बसलेल्या, आणि काका टाकीपुढं उभे राहून मला धडा देतायत. टाकीच्या काचेवर लाल ऑइलपेंटची एक रेघ होती. उन्हानं पाणी उडतं, पातळी रेघेखाली जाते. तेवढं पाणी रोज सकाळी भरायचं. पण गोडं भरायचं, जारचं. "पाणी उडतं, मीठ उडत न्हाई," ते म्हणाले. "मीठ आतच ऱ्हातं. ध्यानात ठिवा." आणि एक नळी होती, दुर्बिणीसारखी. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडे पाहायचं. निळं आणि पांढरं जिथं मिळतं तिथं पस्तीसचा आकडा दिसला पाहिजे.

"घाबरून राहा बरं," ते गाडीत बसताना म्हणाले. या वेळी ते कुणाला म्हणाले, मला नीट कळलं नाही.

किल्ली गल्लीत फिरत राहिली. आमच्याकडे तसंच आहे. कुणी गावाला गेलं की त्याच्या तुळशीला, त्याच्या कुत्र्याला, त्याच्या रांजणाला सगळ्यांनी पाहायचं. समोरच्या मावशी फार मायाळू. त्यांचं लोणचं बदनापूरपर्यंत जातं. सकाळी मी यायच्या आधीच त्यांनी पातळी भरलेली असायची. बरोब्बर लाल रेघेवर. मी खूश. मनात म्हणालो, बघा, गल्लीनं समुद्र सांभाळला.

मग एका दुपारी निळा मासा खाली वाळूवर टेकलेला दिसला. नारंगी जोडी काचेच्या कोपऱ्यात, पर अंगाला चिकटवून, तोंड भराभर उघडमीट करत. मी नळी डोळ्याला लावली. निळं-पांढरं चाळिशीच्या पलीकडे मिळत होतं. मला वाटलं, माझा डोळा गेला. पुसून पुन्हा लावली. आकडा तोच.

मावशींना हाक मारली. त्या आल्या, पाहिलं, आणि पांढऱ्या पडल्या.

"मावशी, रोज काय घालत होतात?"

"पाणीच की रे. काकांच्या डब्यातलं मीठ कालवून. समुद्राचा मासा, त्याला गोडं पाणी कसं घालू? लोणच्याचा खार कमी झाला तर आपण खारच घालतो का न्हाई? साधं पाणी घातलं तर बुरशी येती."

त्यांचं काही चुकलं होतं असं आजही मला म्हणवत नाही. लोणच्याच्या शास्त्राप्रमाणे ते शंभर टक्के बरोबर होतं. पण रोज पाणी उडत होतं, मीठ राहत होतं, आणि त्यावर रोज नवं मीठ पडत होतं.

मी जारच उचलला. आडवा करणार, तेवढ्यात मावशींनी मनगट धरलं. "हळू," त्या म्हणाल्या. काकांचा तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मी जार खाली ठेवला. एकदम गोडं ओतलं आणि त्यानंच जीव गेला तर?

विचारायचं कुणाला? काकांना. पण काकांच्या हृदयाची नळी नुकतीच उघडली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना कसलाही धक्का देऊ नका. म्हणजे इकडे मासे आणि तिकडे काका, आणि मधे मी फोन हातात घेऊन. फोन काकूंनी उचलला. मी कुजबुजत सांगितलं.

मग काकूंचा आवाज आला, फोनपासून लांब, अगदी सहज. "अहो, समजा, लोणचं खारट झालं, तर काय करावं हो?"

काकांचा आवाज लगेच आला. "किती खारट?"

"चाळिसाच्या वर."

मी डोळे मिटले. लोणचं आकड्यात मोजणारी बाई जगात एकच. आता यंत्र वाजणार, नर्स पळत येणार. पण काका शांतपणे, भट्टीवर बोलत असतील तसे बोलले. "भाऊला सांग, एक लोटा काढायचा, एक लोटा गोडं घालायचं. मंग थांबायचं. मासा पाहायचा. मंग दुसरा लोटा. जल्दी बिलकुल न्हाई. चढायला दिवस लागले ना? उतरायला बी दिवस द्या."

आम्ही दिवस दिले. मी दुकानातून जेवायला यायचो तेव्हा एक लोटा, परत जाताना एक लोटा. मावशी पापडाचं पीठ तसंच टाकून त्या खोलीत खुर्ची मांडून बसल्या. माशानं पर हलवला तरी त्या दचकायच्या, नाही हलवला तरी दचकायच्या. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण खिडकीशी थांबून भुवया उंचवायचा आणि आम्ही मान हलवायचो, अजून आहेत. दुपारची लाइट गेली की मी माझीच बॅटरी असून तिला हात लावून बसायचो, गरम होतेय का पाहत. तीन मासे, बोटभर लांब. त्यांच्यासाठी एवढी माणसं हळू बोलत होती.

निळा मासा वाळूवरून उठला त्या सकाळी मावशी रडल्या. मी रडलो नाही. माझ्या डोळ्यात जारचं पाणी उडालं होतं.

काका परत आले. चेहरा उतरलेला, चाल हलकी. थेट टाकीपुढे उभे राहिले. नळी डोळ्याला लावली. पस्तीस. मग ते वळून आमच्याकडे पाहत राहिले. मी मनातल्या मनात सगळी सफाई तयार केली होती.

"घाबरलेत का?" त्यांनी विचारलं.

"लई," मावशी म्हणाल्या.

"मंग बराबर." आणि त्यांनी टाकीसमोरची आपली खुर्ची मावशींकडे सरकवली. फरशीवर तिचा पाय करकरला. पहिल्यांदाच त्यांनी डोळे मिटले नाहीत.

पुढच्या थंडीत काका गेले. सकाळी उठलेच नाहीत. इतकं अचानक त्यांनी आयुष्यात दुसरं काहीही केलं नव्हतं.

आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा घर धुणं चाललं होतं. काकांच्या थोरल्या बहीण धावड्याहून आल्या होत्या. त्यांना सगळे आक्का म्हणत, आणि त्या बोलल्या की पुरुषसुद्धा टोपी सारखी करत. घरात मयत झालं की साठवलेलं पाणी ठेवायचं नाही, ओतून टाकायचं, ही आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून हल्ली बरेच जण एक हंडा ओतून रीत पाळतात. आक्कांना ते मंजूर नव्हतं. रांजण ओतला. ड्रम ओतला. कळशा ओतल्या. अंगणातून पाण्याचा ओहोळ गटाराकडे निघाला. मग आक्का पुढच्या खोलीत आल्या आणि त्यांची नजर टाकीवर पडली.

"हे बी पाणीच हाये," त्या म्हणाल्या. "काढा."

काकांचे दोन पुतणे बादली आणि नळी घेऊन पुढे झाले. एकानं बटण बंद केलं. इतकी वर्षं त्या घरात मोटारीची बारीक घरघर होती. ती थांबल्यावर कळलं की ती होती. मासे काचेपाशी पुढे आले होते. त्यांची खाण्याची वेळ होती.

मी दारात उभा होतो. तुम्ही मला ओळखता, गणपतीच्या मंडपात माइक माझ्याच हातात असतो. पण त्या वेळी मी फक्त टोपी सारखी केली. मावशी भिंतीला धरून उभ्या होत्या. आक्कांपुढे, त्या दिवशी, त्या घरात, मासे वाचवा असं कुणी म्हणायचं? कुणाचा माणूस गेला होता आणि आम्ही कशाची काळजी करत होतो? पण करत होतो.

पुतण्यानं नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं आणि थुंकला. "खारट हाये." नळीतून पाणी बादलीत पडायला लागलं. लाल रेघेखाली बोटभर काच उघडी पडली. मग आणखी. निळा मासा कोपऱ्यात गेला.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, रडल्याही नव्हत्या. बायांनी त्यांना दोन्हीकडून धरलं होतं. त्यांचा उजवा हात त्या धरण्यातून सुटून वर आला. तळवा खाली, बोटं पसरलेली. त्यांनी हवा दाबली. पुतण्यानं नळी चिमटली.

आक्का वळल्या. आणि त्या बाईनं, जिनं जन्मभर त्या टाकीला डबकं म्हटलं, सगळ्यांसमोर आपल्या नणंदेला खणखणीत आवाजात विचारलं,

"आक्का, समुद्राला कुठं सुतक असतं?"